पथारीवरची सुनावणी

कार्यक्रम कसा करावा, हे अख्ख्या महाराष्ट्राने माझ्याकडून शिकावं! गेल्या डिसेंबरपर्यंत मी हे वाक्य छाती पुढे काढून म्हणत असे. हल्ली म्हणत नाही. का म्हणत नाही, तेच सांगायला बसलोय.

मी अनीस. नंदुरबारात मिरचीचा व्यापार. गावाबाहेर आमची पथारी आहे. पथारी म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. हिवाळ्यात बघाल तिकडे लालच लाल! आजोबा मिरचीत, वडील मिरचीत. मी मात्र घराण्यातला पहिला पदवीधर. आणि तोही कुठला? शंभरी ओलांडलेल्या विद्यापीठाचा! त्याचं नाव सांगत नाही. पुढचं वाचलंत की तुम्ही विचारणारही नाही.

काय ते विद्यापीठ! दगडी इमारत, तिच्यावर मनोरा, मनोऱ्यावर घड्याळ. घड्याळ आमच्या आधीच्या पिढीपासून बंद. परीक्षेला उशिरा पोचलेला प्रत्येक मुलगा त्या घड्याळाकडे बोट दाखवायचा. आणि आमचं वसतिगृह, तीन नंबर! मुळात तो एका संस्थानिकाचा तबेला. घोडे गेले, जागा विद्यापीठाला मिळाली, पण भिंतीतल्या लोखंडी कड्या तशाच राहिल्या. पूर्वी त्यांना घोडे बांधत. आमच्या वेळी त्यांवर टॉवेल वाळायचे. बेचाळीसच्या चळवळीत तिथे भूमिगत लोक लपले होते म्हणतात. आमच्या वेळी रेक्टरच्या भीतीने आम्ही लपायचो. मेसची आमटी इतकी पातळ, की ताटाचा तळ दिसायचा आणि तळावर कोरलेलं दान देणाऱ्याचं नावही वाचता यायचं!

हसू नका. त्या तीन नंबरचे माझ्यावर फार उपकार आहेत. तिथे जाण्याआधी मी भाड्याच्या खोलीसाठी शहरभर हिंडलो होतो. खोली रिकामी असायची, मालक गोड बोलायचे, पण मी नाव सांगितलं की ती खोली नुकतीच गेलेली असायची! तीन नंबरच्या रेक्टरने नाव विचारलं, लिहून घेतलं आणि सरळ किल्ली हातात दिली. खोलीत सोबती कोण, तर रनाळ्याच्या मिरची पिकवणाऱ्या घरातला भाग्येश पाटील! आजही आठवड्यातून एकदा भांडल्याशिवाय आम्हा दोघांना चैन पडत नाही.

म्हणून ती बातमी ऐकून मी हादरलो. विद्यापीठ तीन नंबर पाडणार! तिथे काचेची बहुमजली इमारत येणार! माजी विद्यार्थ्यांनी एकच ओरडा केला, तेव्हा विद्यापीठाने एक समिती नेमली. समितीने गावोगाव जायचं, माजी विद्यार्थ्यांचं म्हणणं ऐकायचं आणि मग ठरवायचं, डागडुजी करायची की पाडायचं. खानदेशातल्यांची सुनावणी कुठे घ्यायची, असा प्रश्न आला. मी फोनवर ओरडलोच, "नंदुरबारला! सगळी व्यवस्था माझी!"

व्यवस्था म्हणजे काय, तर थेट पथारीवर मंडप! घरात आम्ही हिंदी बोलतो, भांडतो मात्र अहिराणीत. सबीहाने, म्हणजे आमच्या बेगमने, बेत ऐकला आणि थेट अहिराणीच काढली.

"हॉल सोडीसन पथारीवर कसाले? डोकं ठिकानवर शे ना?"

"हॉल त्यास्नी भलता देखेल शेतस. इतला मोठा लाल गालिचा कोठे देखा व्हई?"

"आनि जेवनमा धूळ पडनी म्हंजे?"

तिला काळजी धुळीची, मला गालिच्याची. तिसरीही एखादी काळजी असू शकते, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मुजफ्फर मंडपवाल्याने पथारीच्या ऐन मध्यभागी मंडप ठोकला. तीन बाजूंना जाड पडदे, चौथी बाजू गालिचा दिसावा म्हणून उघडी. आमच्या मुकादमाला, सुपडूला, मी हुकूम सोडला, "सकाळी सगळी मिरची उलथी टाक! लाल रंग कसा झळकाले पाहिजे!"

"भाऊ, काल तर उलथी."

"परत उलथ!"

बिचाऱ्याने परत उलथली.

समिती सकाळी पोचायची होती, पण विसरवाडीला ट्रकांच्या रांगेत अडकली. आली तेव्हा ऊन डोक्यावर आणि वारा सुटलेला. समितीच्या अध्यक्षा प्रमिलाबाई, निवृत्त प्राचार्या. पांढरी साडी, मऊ आवाज. सोबत एक इंजिनीअर, काखेत नकाशे. माजी विद्यार्थी सुरतेहून आले, नाशकाहून आले. पुरुषोत्तमनगरचा रूपचंदही आला. हा साखर कारखान्यातला निवृत्त केमिस्ट. जन्म साखरेत काढला, पण तोंडावर गोडवा कधी दिसला नाही!

मी स्वागताला उभा राहिलो. "सन्माननीय अध्यक्षा..." म्हणतोय तोवर अध्यक्षांना शिंक आली. मग इंजिनीअरला. मग दोघांना मिळून. मी मनात म्हटलं, एसी गाडीतून आलेत, बाधली असेल हवा. भाषण आवरलं आणि पहिल्यांदा रूपचंदला बोलायला उभं केलं.

"मी तीन नंबरला राहत होतो," रूपचंद म्हणाला. "माझ्या खोलीत भिंतीला एक कडी..."

आणि त्याचा गळाच दाटला! डोळ्यांतून धारा! मी थक्क झालो. अहो, रूपचंद! हा मुलीच्या पाठवणीच्या वेळी केटररशी उरलेल्या जिलेबीवरून वाद घालत होता! तो रूपचंद कडीच्या आठवणीने हमसून हमसून रडतोय!

त्याला बघून नाशिकचे दोघे रडायला लागले. मग सुरतचा कापडवाला. त्याला तर विद्यापीठाने पहिल्याच सत्रात घरी पाठवलं होतं, तरी तो सगळ्यांहून मोठ्याने! कुणाला वाक्य पुरं करता येईना. "मेस..." म्हणून एक जण खाली बसला. "रेक्टर..." म्हणून दुसऱ्याने तोंड झाकलं. खुद्द प्रमिलाबाईंचे डोळे लाल झाले. पदर नाकाला लावून त्या म्हणाल्या, "बोला, बाळांनो. इतकी वर्षं मनात ठेवलंत. आज बोला!"

काय सांगू, माझं ऊर भरून आलं! तीन नंबर वाचलं! पण लगेच दुसरा धक्का बसला. सगळा मंडप रडतोय, आणि ज्याने मंडप घातला त्याचे डोळे ठणठणीत कोरडे! शेजारी भाग्येशकडे पाहिलं, तर तो शांतपणे शेंगदाणे खात होता.

"रड ना रे!" मी कुजबुजलो.

"येतच नही ना भो!"

"काळीज शे का धोंडा?"

"तुन्हा डोयास्मा तरी कोठे पानी उनं?"

मी खूप प्रयत्न केला. गेलेली माणसं आठवली. अर्थशास्त्राचा निकाल आठवला. टिपूस म्हणून नाही! मला माझीच लाज वाटली. मान खाली घालून मी रुमालात तोंड लपवलं, नि निदान खांदे तरी हलवले.

इतक्यात सबीहा चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. "या अल्ला! कोन गयं?"

तिचं ओरडणं पथारीभर गेलं. तिकडे मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायका बसल्या होत्या. पाहुण्यांकडे कुणी तरी गेलं, एवढंच त्यांना कळलं. आमच्याकडे अशा वेळी कुणी विचारत बसत नाही, धावून जातात! देठ टाकून दहा-पंधरा जणी मंडपात शिरल्या. रूपलीबाई सगळ्यांत पुढे. तिने प्रमिलाबाईंना छातीशी धरलं.

"नको रडू माय, नको रडू! गया तो सुटना!"

बाकीच्या सुपांनी वारा घालायला लागल्या. कोणत्या सुपांनी? ज्यांत सकाळपासून मिरची पाखडली होती, त्याच! आणि रूपलीबाईने मोठ्या मायेने प्रमिलाबाईंचे डोळे पुसले. कशाने? देठ खुडलेल्या हाताने!

प्रमिलाबाईंनी जी किंकाळी फोडली, तशी त्या विद्यापीठाच्या शंभर वर्षांच्या इतिहासात कुणी फोडली नसेल! इंजिनीअर नकाशे टाकून गाडीकडे पळाला. रूपचंद मंडपाच्या खांबाला मिठी मारून "पाणी, पाणी" करत होता. सुरतवाल्याने चहाच डोळ्यांवर मारला. मी मधोमध उभा. अहाहा, काय हे प्रेम! जुन्या वास्तूला माणसं इतका जीव लावतात!

कुणीतरी प्रमिलाबाईंना धरून गाडीपर्यंत नेलं. डोळे मिटलेलेच, तरी त्यांनी चाचपडत माझा हात हातात घेतला. "अनीस, आणखी काही ऐकायची गरज नाही. मला सगळं समजलं." गाडी गेली. पाठोपाठ बाकीचेही गेले. वरण-बट्टी आणि भरताला कुणी हातसुद्धा लावला नाही.

दुपारी ते सगळं खायला मी आणि भाग्येश दोघंच. मी हवेत होतो. भाग्येश मात्र बट्टी मोडता मोडता थांबला.

"अनीस, तो सुरतवाला एकच सत्र ऱ्हायना व्हता ना?"

"हो. मंग?"

"मंग तो इतला कसाले रडना? आनि गाडीस्न्या काचा वर गयात, तशी त्यास्नं रडं कसं बंद व्हयनं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पथारीकडे पाहिलं. वाऱ्याबरोबर मिरचीची बारीक लाल धूळ मंडपात येत होती, आणि आम्ही दोघं त्या धुळीत आरामात जेवत होतो! आमचा जन्म मिरचीत गेलेला. आम्हाला शिंकसुद्धा येत नाही! माझ्या हातातली बट्टी वरणात पडली.

"फोन करीसन सांगी दे," भाग्येश म्हणाला.

"येडा शे का? रडं ते रडं! कसानं का व्हयेना! तीन नंबर वाचनं ना?"

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? हॉल घेतला असता तर ही माणसं डुलक्या काढत बसली असती. मी रात्री शांत झोपलो. पुढचे काही दिवस तर "तीन नंबर कोणी वाचवलं" हे बाजारात सांगतही फिरलो.

मग प्रमिलाबाईंचा फोन आला. मी पथारीवरच होतो. आवाज पूर्वीपेक्षा मऊ.

"अनीस, निर्णय झाला. तुम्हाला सगळ्यांत आधी कळवावं म्हटलं."

"मॅडम, तुमचे फार उपकार..."

"उपकार कसले? मी चाळीस वर्षं शिक्षणात काढली, पण इतकं दुःख पाहिलं नाही. वसतिगृहाच्या नुसत्या आठवणीने मोठी माणसं अशी कोसळतात! काय सोसलंत रे तुम्ही त्या तबेल्यात! एकाला तर 'मेस' या शब्दापुढे बोलवेना. समितीचं एकमत झालं. ती वास्तू आता एक दिवसही ठेवायची नाही. सोमवारपासून पाडायला घेतायत."

मी फोनमध्ये ओरडलोच.

"मॅडम! नाही हो! ती मिरची होती! सगळे मिरचीने रडत होते! तुम्हीसुद्धा!"

मग त्या अगदी आईसारख्या म्हणाल्या, "असू दे, बाळा. पुरुषांना रडल्याची लाज वाटते. रूपचंदही मला मिरचीचंच कारण सांगत होता."

"मॅडम, खरंच..."

"तुम्ही तर तेव्हाही रुमालात तोंड लपवून रडत होतात. मी पाहिलं होतं. आता सगळं संपलं, हं." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी मिरचीच्या पोत्यावर बसलो. ती दगडी भिंत, ती कडी, नाव विचारून किल्ली देणारे रेक्टर, सगळं डोळ्यांसमोर आलं. आणि त्या दिवशी हजार प्रयत्न करून जे जमलं नव्हतं, ते आता थांबेना. धंद्यात उभा जन्म काढलेला मी, भर पथारीवर पोरासारखा रडलो!

सुपडू लगबगीने आला. माझ्याकडे बघतच राहिला.

"भाऊ! तुमले बी मिरची लागनी?"

मी मान हलवली. म्हटलं, लागनी रे बाबा.