तिसऱ्या फाटकाचा गळा

"माझा हात लागू दे, मग बघा! या तुरुंगातलं एकही दार तोंडातून ब्र काढणार नाही!" असं भिंगरीने पहिल्याच दिवशी छाती ठोकून सांगितलं. आणि मंडळी, तिने ते खरं करून दाखवलं. तिथेच तर सगळा घोळ झाला!

भिंगरी म्हणजे बायकांच्या तुरुंगातली नवी कुलूपवाली. नोकरी तात्पुरती. तपासणीच्या मोठ्या बाई येणार, दारं-कुलपं बघणार, पसंत पडली तर भिंगरी कायम होणार. नाहीतर पुन्हा काकांच्या दुकानात बसून लोकांच्या सुटकेसच्या किल्ल्या घासायच्या! नुसत्या विचाराने तिच्या पायांना मुंग्या यायच्या. तशी ती एका जागी बसणारी नव्हतीच. झोपेतसुद्धा पोरीची बोटं हवेत किल्ल्या फिरवतात, असं तिची आई सांगायची.

त्या तुरुंगाची दारं म्हणजे नुसता कल्लोळ! पहिलं फाटक किंचाळायचं. दुसरं कण्हायचं. तिसरं आधी रडायचं, मग खोकायचं आणि शेवटी म्हशीसारखं हंबरायचं. भिंगरीने बाह्या सरसावल्या. बिजागऱ्यांत बोटबोट ग्रीस भरलं, कुलपं खोलून पुसली, आत पेन्सिलीच्या शिशाची पूड फुंकली. अंगण झाडणारी एक म्हातारी कैदी होती, तिला सगळे आजी म्हणत. ती झाडू थांबवून म्हणाली, "पोरी, तिसऱ्याला तरी सोड गं."

"का? त्याचाच तर जास्त त्रास आहे!"

"त्रास?" आजी गालातल्या गालात हसली. "बरं बाई. भागव तुझी हौस."

पण ऐकायला भिंगरी थांबली होती कुठे? ती केव्हाच चौथ्या दाराशी!

मोठ्या बाई कधीच कळवून येत नसत. एका दुपारी जेवणं उरकल्यावर त्या अचानक पहिल्या फाटकात उभ्या! नशिबाने भिंगरी तिथेच होती. तिने नुसतं एक बोट लावलं, आणि फाटक साबणावरून पाय घसरावा तसं सरकन गेलं.

"वा!" मोठ्या बाई म्हणाल्या.

दुसरं फाटक. चूं नाही की चां नाही.

"वा वा!"

भिंगरी आता जमिनीच्या वीतभर वरून चालत होती. तिने तिसरं फाटक उघडलं.

आत पहारेकरणी पत्ते कुटत होत्या. तेही कैद्यांबरोबर! आणि हरत होत्या! कोठारवाल्या ताई पिंपाआड बसून केस रंगवत होत्या. आणि साऱ्या तुरुंगाच्या मुख्य, आपल्या जेलरबाई? टेबलावर पाय, तोंडावर रुमाल, आणि घोरणं असं, की तिसऱ्या फाटकाचा आवाज यांनीच पळवला असावा!

कुणी उठलंच नाही. उठणार कसं? इतकी वर्षं तिसरं फाटक हंबरलं, की पत्ते खिशात, पाय जमिनीवर, टोपी डोक्यावर! पाहुणा अंगण ओलांडेपर्यंत सगळीकडे कडक शिस्त!

मोठ्या बाई खाकरल्या. रुमालाखालून जेलरबाई पुटपुटल्या, "झोप गं. अजून फाटक वाजलं नाही."



"कुलपं उत्तम," मोठ्या बाई म्हणाल्या. "माणसं मात्र..." त्यांची नजर कोठारवाल्या ताईंच्या अर्ध्या काळ्या डोक्यावर अडकली. "महिन्याने पुन्हा येईन. कायम कुणाला करायचं आणि घरी कुणाला पाठवायचं, ते तेव्हा एकदमच ठरवू."

झालं! त्या दिवसापासून चहाची किटली भिंगरीजवळ आली की रिकामी व्हायची. शेवटी जेलरबाईंनी बोलावलं. "आवाज परत आण. जसाच्या तसा!"

"अहो बाई, पण माझी नोकरी..."

"आणि या सगळ्यांची?"

दारात कोठारवाल्या ताई उभ्या होत्या. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. केस अजून अर्धेच काळे; उरलेले रंगवायची त्यांची छातीच होत नव्हती! भिंगरीने ग्रीस धुवायला रॉकेलची बाटली उचलली.

ग्रीस पुसलं, मिठाचं पाणी शिंपडलं, विटेची भुकटी कोंबली. सगळा तुरुंग भोवती जमला. आजी डोळे मिटून ऐकत होती. "रडणं जमलं. खोकला कोरडा आहे, जरा ओला कर."

"आता?"

"आता म्हैस आजारी वाटते."

भिंगरीने आणखी भुकटी घातली. जेलरबाई म्हणाल्या, "थांबा, मी झोपून बघते." त्या लवंडल्या. भिंगरीने फाटक ढकललं. त्यासरशी बाई ताडकन उभ्या, टोपीसकट! "हाच तो!" त्यांचे डोळे भरून आले.

महिन्याने मोठ्या बाई आल्या. फाटक रडलं, खोकलं, हंबरलं. आत पहारेकरणी ताठ, कोठार चकाचक, जेलरबाई कामात बुडालेल्या.

"शाब्बास! कुणालाही घरी पाठवायची गरज नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. मग त्यांनी कानात करंगळी फिरवली. "पण ही कुलूपवाली महिनाभर काय करत होती? हिला आणखी सहा महिने तात्पुरतीच ठेवा."

भिंगरीने तोंड उघडलं. जेलरबाई छताकडे बघत होत्या. कोठारवाल्या ताईंनी हळूच हात जोडले. भिंगरीने तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने ब्र काढला नाही!

संध्याकाळी किटली सगळ्यात आधी तिच्यासमोर आली. भिंगरी फुरफुरत म्हणाली, "सहा महिन्यांनी त्या येतील, तेव्हा मी ग्रीस घालणार म्हणजे घालणार! तुम्ही फक्त जाग्या राहा!"

सगळ्या विचारात पडल्या. बराच वेळ पडल्या.

मग जेलरबाईंनी तिच्या पाठीवरून मायेने हात फिरवला. "त्यापेक्षा बाळ," त्या म्हणाल्या, "तू तात्पुरतीच बरी आहेस."