साहेबांना ऐरावत म्हटलं त्याची गोष्ट

इंग्रजीत मले तोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो! रायपूरच्या गोल बाजारातून इंग्रजी वाक्प्रचारांचं जाडजूड पुस्तक आणलं अन् आठ दिवसांत घडाघडा पाठ केलं. वाक्प्रचार तेवढे पाठ केले, अर्थ नाही. अर्थाचं काय, वाचला की डोक्यात येतेच!

राज्य नवं, रायपूर नवी राजधानी, ऑफिसातल्या खुर्च्यांवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. त्यात साहेब नवे आले, फाडफाड इंग्रजीवाले! नेमकं तेव्हाच माझ्या भाचीचं लग्न अमरावतीले ठरलं. तिले मामा मी एकटाच. मंगलाष्टकांले तिच्या पाठीशी मी नाही तर कोण उभं राहणार? अन् इकडे विधानसभेचं अधिवेशन म्हणून सगळ्यांच्या रजा बंद!

"हिंदीत अर्ज द्या अन् हात जोडा," बायको मंजिरी म्हणाली.

"हात काहून जोडू? असा अर्ज लिहितो का साहेब मले स्टेशनवर सोडायले येतील!"

लिहिला. पहिलं वाक्य, 'मी क्रोकोडाइल टिअर्स गाळून विनंती करतो.' मगर एवढी मोठी, तर तिचे अश्रू केवढे असतील! दुसरं, 'आपण या खात्याचे व्हाइट एलिफंट आहात.' पांढरा हत्ती म्हणजे साक्षात इंद्राचा ऐरावत. साहेबाले याहून मोठा मान कोणता द्यायचा?

अर्ज बडे बाबू श्यामरावांच्या टेबलावर गेला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, पुसून पुन्हा लावला.

"समजलं का, श्यामराव?"

"हव! न समजायले काय झालं?" म्हणाले अन् शेरा मारला, 'सहमत'.

त्यांच्या वरच्यानं त्यांची सही पाहिली अन् लिहिलं, 'सहमत'. आमच्याकडे रीतच तशी. खालच्याची सही दिसली का वाचायचं काम नाही. अन् समजलं नाही असं कबूल कोण करते? अशा पाच सह्या घेऊन अर्ज साहेबांपुढे गेला.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी बोलावणं आलं. मले अन् त्या पाचही जणांले!

"दिवाकर जी, व्हाइट एलिफंट का मतलब मालूम है?"

"सर, ऐरावत!"

"मतलब, जो बैठे-बैठे खाए और किसी काम का न हो. और आप पाँचों इससे सहमत हैं?"

श्यामरावांच्या तोंडचं पाणीच पळालं. "सर, हम... हम छुट्टी से सहमत थे!"

गाडी चारची, अन् डोळ्यांपुढे भाचीचा चेहरा. खरंच रडू फुटलं हो! "सर, अंग्रेजी जाने दीजिए. भांजी की शादी है. मामा मैं अकेला हूँ."

साहेब फिस्सकन हसले. सही केली. "जाइए. और लौटते वक्त यह अंग्रेजी वहीं छोड़ आइएगा."

साहेबांचा हुकूम, मोडायचा कसा? दुसऱ्या दिवशी मांडवाच्या दारात नवरदेवाच्या वडिलांले हार घातला अन् खणखणीत आवाजात म्हटलं, "तुमचा मुलगा म्हणजे वुल्फ इन शीप्स क्लोदिंग!" लांडग्यासारखा शूर अन् मेंढीसारखा गरीब, असं मले म्हणायचं होतं.

वडील निघाले इंग्रजीचे मास्तर! त्यांनी हार काढला अन् अख्ख्या वऱ्हाडाले अर्थ समजावून सांगितला, "वरून साधा, आतून लबाड!" झालं! वरात दारातूनच परत फिरायले लागली. माझी बहीण शारदा अक्षरशः आडवी झाली, पदर पसरला, तेव्हा कुठं मंडळी आत आली.

मंगलाष्टकांले मी भाचीच्या पाठीशी उभा होतो. मास्तर मात्र पूर्ण वेळ माझ्याकडेच डोळे वटारून पाहून राहिले होते.

पंगती उठल्यावर शारदानं मले बाजूले नेलं.

"भाऊ, पुढच्या वर्षी धाकटीचं करायचं आहे."

"अरे वा! आत्ताच रजेचा अर्ज लिहितो!"

तिनं माझे दोन्ही हात धरले. "रजा नको मागू, बाप्पा. आम्ही भाड्यानं मामा आणू!"