बॅग थांबवू नये

सकाळी आठ वाजता पहिल्या गावच्या लॉजवरून टेम्पो सुटला आणि बाबांची बॅग अगदी वेळेवर चुकीच्या गावाला गेली.

बाबांचा जन्म पार्सल ऑफिसात गेला. समुद्रकाठच्या पाच गावांमधून पायी जायचं आणि सामान टेम्पोने रोज पुढच्या गावी पोचवायचं, हा बेत त्यांनी सात वर्षांपूर्वी आखला होता. बॅगेच्या मुठीला त्यांनी पाची गावांच्या चिठ्ठ्या एकावर एक बांधल्या, तळाशी घरच्या पत्त्याची. प्रत्येकीवर लाल शाईत लिहिलं, ‘सकाळी वरची चिठ्ठी फाडावी. बॅग थांबवू नये.’

धाकटी मुलगी दर वर्षी म्हणायची, “बाबा, पुढच्या वर्षी नक्की.” एकदा नोकरी नवी होती, एकदा घर बदलायचं होतं, एकदा तर काहीच नव्हतं. शेवटी ती आईला घेऊन निघाली, तेव्हा बाबांना जाऊन आठ महिने झाले होते.

बॅगेत दोघींचे कपडे होते आणि बाबांचे चालायचे बूट, एकदाही पायात न घातलेले. पाचव्या गावच्या किनाऱ्यावर ते एकदा पाण्याला लावायचे, एवढंच आईचं मागणं होतं.

घोटाळा चिठ्ठीत झाला. धाकटीने वरची फाडली. ती दात घासायला गेली, तेव्हा आईनेही फाडली. बाबांचं काम आता आपल्याकडे, असं दोघींनाही वाटलं. बोललं कोणीच नाही.

दुसऱ्या गावी बॅग नव्हती. धाकटीने तिसऱ्या गावी फोन लावला.

“आहे ना, माझ्यासमोरच आहे,” तिथली लॉजवाली म्हणाली.

“तिथेच राहू द्या. आम्ही उद्या पोचतो.”

“अहो, पण लाल अक्षरात लिहिलंय, थांबवू नये.”

“ते माझ्या वडिलांनी लिहिलंय.”

“मग त्यांना द्या की फोन.”

“ते नाहीत...”

“बघा, तेही नाहीच म्हणतायत ना?” लॉजवाली म्हणाली. “एवढ्या शिस्तीच्या माणसाचं मोडू नये.”

दुसऱ्या दिवशी त्या तिसऱ्या गावी पोचल्या, तेव्हा बॅग चौथ्या गावी होती. चौथ्या गावी पोचल्या, तोवर ती पाचव्या गावी. फोन दोन्हीकडे केले. पण बाबांचं अक्षर असं होतं, की वाचणारा उभा राहून वाची आणि बॅग पुढे पाठवी. आईने अंगावरचे कपडे वाळत घातले आणि दुकानात मिळाला तो टी-शर्ट चढवला. त्याच्यावर भलाथोरला खेकडा होता.

“बाबांनी बघितलं असतं तर?” धाकटी म्हणाली.

“बघायला थांबायचे कधी? कुठेही निघालो की आपले पुढे. ‘मी होतो पुढे, चहा टाकतो.’”

आता एकच संधी होती. चौथ्या दिवशी आठच्या आत पाचवं गाव गाठायचं. डोंगरावरून चार तास, वाळूतून दोन. उजाडताच त्या वाळूतून निघाल्या. भरती कधी येते हे बाबांनी वहीत लिहून ठेवलं होतं. वही बॅगेत होती.

साडेसातला दोघी एका खडकावर अडकल्या होत्या. चारी बाजूंनी पाणी.

“आई, सात वर्षं मीच अडवलं त्यांना,” धाकटी म्हणाली.

आईने बुटाची नाडी घट्ट केली. “एकटीनेच का? मला तरी कुठे चालायचं होतं? तुझं नाव पुढे करून मोकळी व्हायचे.” मग म्हणाली, “आणि चिठ्ठी मीही फाडली होती.”

आठ वाजून गेल्यावर वरच्या रस्त्याने टेम्पो आला. टपावर बॅग. दोघींनी जिवाच्या आकांताने हात हलवले. टेम्पोवाल्यानेही मोठ्या प्रेमाने हात हलवला.

पाणी ओसरल्यावर त्या पाचव्या गावी गेल्या, किनाऱ्यावर बसल्या आणि रिकाम्या हाताने परतल्या.

घरी आल्या तर दारात बॅग. मुठीला शेवटची चिठ्ठी. धाकटीने बूट काढले, कोरे करकरीत. आईने पायातला बूट उपडा केला आणि त्यातली पाच गावांची वाळू बाबांच्या बुटात ओतली.

मग कुलूप काढून ती आत गेली. ओट्यापाशी क्षणभर उभी राहिली.

“पुढे आले खरे,” ती म्हणाली. “पण चहा काही टाकलेला नाही.”