टीपॉयवरचा मोर

"डोळा बसवायला कितीसा वेळ लागतोय? तुमी चहा टाका, तवर मोर बघायला लागंल!" सावळारामआबांनी छाती फुगवून जाहीर केलं.

मोर होता टीपॉयवरचा. लग्न नवं असताना, वालचंदनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, आबांनी आणि लीलाबाईंनी तो मिळून केला होता. आबांनी सागवानी पाय तासले. तेव्हाच्या फॅशनचे, तिरके; नुकत्याच उभ्या राहिलेल्या वासरासारखे फाकलेले! लीलाबाईंनी फळीवर पेन्सिलीनं चित्र काढलं आणि फुटक्या फरश्या, कपबश्यांचे तुकडे चिकटवून दोघांनी ते भरलं. शेजारणी फुटलेली बशी फेकून न देता हौसेनं आणून द्यायच्या.

पुढं लासुर्ण्यात बंगला झाला आणि नातसून सुप्रियानं टीपॉय ट्रॅक्टरच्या शेडमध्ये ठेवला. वर डिझेलचा कॅन बसला. आबा येता-जाता मोरावरची धूळ तेवढी पुसायचे.

पण परवा सुप्रियाची बारामतीची मैत्रीण राजलक्ष्मी, लोकांची घरं सजवून देणारी, शेडमधल्या टीपॉयचा फोटो बघून म्हणाली, "अगं, असल्या मोझॅकच्या टीपॉयची आता फार चलती आहे! मी बघायलाच येते." झालं! टीपॉय थेट हॉलमध्ये! राजलक्ष्मीनं बरं म्हटलं की तो तिथंच राहणार होता. आबांना आणखी काय हवं? फक्त मोराचा डोळा निखळला होता.

"एकच थेंब टाका," लीलाबाई म्हणाल्या.

"थेंबानं काय हुतंय? ह्या हातांनी लोखंड जोडलंय!"

आबांनी झटपट चिकटणाऱ्या गोंदाची आख्खी नळी पिळली. डोळा बसला. उरलेला गोंद मानेवरून ओघळत पिसाऱ्यापर्यंत गेला आणि तेवढ्यात दारात गाडी वाजली!

सुप्रियानं पाहुणीचा कप नेमका त्या ओल्या गोंदावर ठेवला. आबा उठून कप हलवणार, तर त्यांचाच अंगठा मोराच्या डोळ्याला चिकटलेला! ते फोटोला बसल्यासारखे हसत राहिले.

राजलक्ष्मीनं कप उचलला. कपाबरोबर टीपॉय उठला, टीपॉयबरोबर आबा उठले!

"आबा, बसा ना! उठताय कशाला?"

"मी कुठं उठतोय? तुमीच उठवताय!"

सुप्रियानं टीपॉयचे पाय धरले, राजलक्ष्मीनं जोर लावला. खाडकन कप सुटला, आणि त्याच्यासंगं अर्धा पिसाराही! चहा सगळ्यांच्या अंगावर.

उघड्या फळीवर पेन्सिलीच्या रेषा अजून शाबूत होत्या. राजलक्ष्मी वाकली. "आजी, ही शेपटी कोंबड्याची वाटते."

"कोंबडाच हाय तो," लीलाबाई म्हणाल्या.

"मोर न्हाय?" आबांचा आवाज चिरकला.

"तुमीच म्हणला, काय झकास मोर काढलाय! आन् निळे तुकडे लावत सुटला. तुमचं त्वांड इतकं फुललं हुतं... म्हणलं, असू दे मोर."

हसून हसून राजलक्ष्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. "नीट करून ठेवा, मी परत येते," असं बजावून ती गेली. सुप्रियानं आबांचा अंगठा गोडेतेलानं सोडवला, तुकडे ताटात गोळा केले. "हितंच बसून लावा. शेडमध्ये न्यायचा न्हाय आता."

लीलाबाई चष्मा लावून जमिनीवर बसल्या. "गोंद माझ्यापाशी. तुमी नुसते तुकडे द्या."

आबा ताट घेऊन बसले. दोन तुकडे उचलून हळूच म्हणाले, "लाल देऊ का निळा?"

"निळाच द्या," लीलाबाई म्हणाल्या.