गाडीत किती जण?

पगारेकाका पायी चालतानाही वळायच्या आधी हात दाखवतात.

आमच्या सोसायटीच्या गेटमधून आत शिरून डावीकडे जिन्याकडे वळायचं असलं, की त्यांचा डावा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर येतो. मागे कुणी असो वा नसो. एका लग्नात जेवणाच्या रांगेत मसालेभाताकडून जिलेबीकडे वळताना त्यांनी असाच उजवा हात काढला आणि मागे उभ्या असलेल्या नवरदेवाच्या मामांची कढी मामांच्याच झब्ब्यावर सांडली. मामा खवळले. काका शांतपणे म्हणाले, "मी इशारा दिला होता. तुम्ही अंतर ठेवलं नाही. नोंद असावी."

हे 'नोंद असावी' एकलहऱ्याहून आलेलं. काका तिथल्या वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होते. पाळी संपली की पुढच्या माणसाला काय घडलं, काय बिघडलं, कुठे लक्ष ठेवायचं ते सांगून मगच खुर्ची सोडायची, ही त्यांची उभ्या जन्माची सवय. आता खुर्ची सुटली, पुढचा माणूस उरला नाही, पण सवय काही जात नाही. दूधवाला उशिरा आला, लिफ्ट अडकली, समोरच्या कडुलिंबावर भारद्वाज दिसला, सगळ्याची ते जिन्यात भेटेल त्याला नोंद देतात. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते, त्यामुळे बहुतेक नोंदी माझ्या वाट्याला येतात.

म्हसरूळचं हे घर काकूंनी पसंत केलं होतं. खिडकी कुठल्या बाजूला, देव्हाऱ्याच्या जागी बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो कुठल्या भिंतीला, सगळं त्यांनी ठरवलेलं. राहायला मात्र काका एकटेच आले. तेव्हा आमच्या इमारतीत कुणी कुणाला फारसं ओळखत नव्हतं, आणि काकांनी ओळख वाढवण्यासाठी जो मार्ग निवडला तो होता सायकलीचा.

आमचा सायकलवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. 'दोन चाकं' त्याचं नाव. त्याची ॲडमिन मी, म्हणजे बिनपगारी पोलीस पाटील. ग्रुपवर सकाळी सूर्योदयाचे फोटो येतात, त्यानंतर मिसळीचे. सायकल चालवून जे काही जाळलं असेल ते तर्रीसकट परत भरून घेण्याची आमची पद्धत आहे. काकांना मी या ग्रुपात घेतलं आणि आमच्या सूर्योदयांची शांतता संपली.

काका रोज सकाळी दिंडोरी रोडने जाऊन येत आणि घरी आल्या आल्या अहवाल टाकत. "महोदय, आज एका वाहनाने हॅण्डलपासून वीतभर अंतरावरून मला ओलांडले. चालक मोबाईलवर. नोंद असावी. जय भीम, शुभ दिवस." याला सगळे अंगठे दाखवून मोकळे होत. एक जण सोडून.

तो एक जण म्हणजे निकम. निकम द्राक्षबागायतदार. घर पंचवटीत, बाग दिंडोरीकडे, आणि येणं-जाणं काकांच्याच दिंडोरी रोडने, पांढऱ्या भल्यामोठ्या गाडीतून, हॉर्न वाजवत. डॉक्टरांनी साखर कमी करा म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी महागातली सायकल घेतली, दोनदा चालवली आणि मग तिच्यावर टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली. पण ग्रुप त्यांनी सोडला नाही. सायकलवाल्यांना सुनवायला एवढी हक्काची जागा दुसरीकडे कुठे मिळणार?

"रस्त्याच्या मधून चालवता आन् वर आमालाच शिकवता," निकम लिहीत. "रस्ता काय तुमच्या बापाचा हाय का?"

"महोदय, रस्ता माझ्या वडिलांचा नाही. मात्र दुष्काळात नांदगावकडे रस्त्याची खडी फोडायला माझी आई होती. तेव्हा काही हिस्सा आईकडून येतो. नोंद असावी."

"टॅक्स आमी भरतो. सायकलला टॅक्स हाय का?"

"महोदय, सायकलने रस्त्याला खड्डा पडल्याचे ऐकिवात नाही. आपल्या गाडीत किती जण होते?"

हा प्रश्न काकांचा हुकमाचा पत्ता. वाद कुठेही जावो, हॉर्नवर, हेडलाईटवर, सिग्नलवर, शेवटी गाडी तिथेच यायची. गाडीत किती जण? सात माणसांची जागा, तेवढं डिझेल, तेवढा रस्ता, आणि आत किती जण? निकम या प्रश्नाला कधीच उत्तर देत नसत. "द्राक्षं काय सायकलीवरून आणू का?" असं काहीतरी वाकडं विचारत. काका लगेच लिहीत, "महोदय, द्राक्षे पिकअपमधून जातात. प्रश्न आपल्याबद्दल आहे."

हे सगळं मला जिन्यात पुन्हा ऐकावं लागे. "ताई, बघितलं का काय लिहिलंय त्याने? आवरा त्याला." दिवसातून एकदा तरी 'आवरा त्याला' व्हायचंच. बोलताना काकांचे डोळे चमकत आणि आवाज चांगला वर चढे. मला वाटे, म्हाताऱ्या माणसाला किती हा मनस्ताप.

मग एक दिवस निकमांनी लिहिलं, "एक दिवस मागून ठोकीन, मंग समजंल."

ग्रुप पेटला. एरवी सूर्योदयापलीकडे न बोलणारी माणसं कायद्याची कलमं लिहू लागली. ज्येष्ठ नागरिकाला धमकी म्हणजे काय? काढा त्याला. मी काढला. 'दोन चाकं'मधून निकम गेले आणि माझ्यावर टाळ्यांचा आणि फुलांचा पाऊस पडला. काकांनी तेवढं काही पाठवलं नाही. मला वाटलं, घाबरले असतील.

दुसऱ्या दिवशी त्यांचा अहवाल आला. अंगठे आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा अहवाल, पुन्हा अंगठे, एक गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. काकांनी मग कुरापती काढायला सुरुवात केली. हेल्मेट न घालणारे बेजबाबदार आहेत, असं लिहिलं. "सर, एकदम बरोबर." गिअरची सायकल म्हणजे निव्वळ थाट आहे, असं लिहिलं. ग्रुपात निम्म्या लोकांकडे गिअरच्या सायकली. तरी "सर, एकदम बरोबर." एवढ्या मान देणाऱ्या माणसांशी भांडायचं तरी कसं? हळूहळू अहवाल आखूड झाले. मग 'नोंद असावी' गेलं. मग एके दिवशी नुसतंच "शुभ दिवस" आलं, आणि नंतर तेही आलं नाही. सायकल खाली पार्किंगमध्ये उभी दिसायची, सीटवर धूळ.

एका संध्याकाळी काका माझ्या दारात आले. मी बसा म्हटलं तरी उभेच राहिले.

"ताई, निकमांना परत घ्या."

"काका, तो तुम्हाला ठोकीन म्हणाला होता."

"म्हणाला. ठोकलं नाही."

"आणि रोज आवरा त्याला, आवरा त्याला कोण म्हणत होतं?"

"आवरा म्हणालो होतो. काढा कुठे म्हणालो?"

मी चहा ठेवला तेव्हा कुठे ते बसले. कप हातात धरून त्यांनी सांगितलं. निकम ग्रुपात होते तेव्हा एकदा ते तापाने आजारी पडले होते. घरात एकटे, मुलगी बंगळुरूला, तिला उगाच काळजी नको म्हणून कळवलं नव्हतं. बरेच दिवस ग्रुपवर अहवाल नव्हता. आम्ही एवढी सगळी माणसं तिथे, कुणाच्याही लक्षात आलं नाही. मीही खालच्याच मजल्यावर होते. एकट्या निकमांचा वेगळा मेसेज आला होता, "काय म्हातारबा, सायकल पंक्चर का माणूस?" काकांनी 'माणूस' एवढंच लिहिलं. पुढच्या दिवशी वॉचमनकडे द्राक्षांची पेटी येऊन पडली. वर नाव नाही, काही नाही.

"गोड होती," काका म्हणाले. "निम्मी वॉचमनला दिली, निम्मी मी खाल्ली. पण त्याला मी सांगितलं नाही. भांडण बिघडलं असतं."

"मग आता फोन करा ना त्यांना. नंबर आहे तुमच्याकडे."

"फोन करून बोलू काय? आमची ओळख भांडणाची आहे, ताई. कसे आहात, बरे आहात, असलं आमच्यात नाही चालत."

एवढ्या वेळा जिन्यात त्यांची नोंद ऐकून मी 'हो का?' म्हणून दार लावून घेतलं होतं. त्या रात्री मी ग्रुपचा विरोध झुगारून निकमांना परत येण्याची लिंक पाठवली. त्यांनी ती बघितली आणि सोडून दिली. रुसले होते.

मग काकांनी त्यांच्या पद्धतीचा उपाय काढला. निकम सकाळी कधी बागेकडे जातात, हे त्यांना तोंडपाठ होतं. आपण त्या वेळेला दिंडोरी रोडला असायचं. निकम आपल्यावर हॉर्न मारल्याशिवाय राहूच शकत नाहीत. हॉर्न वाजला की ग्रुपवर अहवाल, अहवाल गेला की त्यांच्यापर्यंत तो कुणीतरी पोचवीलच, आणि ते भांडायला येतील. "तुम्ही सोबत चला," ते म्हणाले. "साक्षीदार लागेल."

सकाळी आम्ही निघालो. म्हसरूळ सोडलं, दोन्ही अंगांना बागा सुरू झाल्या, औषधफवारणीचा वास आला. काका मुद्दाम कडेपासून जरा आतून चालवत होते. जन्मभर नियम पाळलेला माणूस तो, नियम मोडताना त्यांची मान अवघडली होती. मागून गाड्या येत होत्या, हॉर्न वाजत होते. "हा नाही," ते म्हणत. "हाही नाही. त्याचा जरा जाड आहे."

मग पांढरी गाडी आली. तिने वेग कमी केला. हॉर्न वाजला नाही. इंडिकेटर लावून, चांगलं हातभर नव्हे, पुरुषभर अंतर सोडून ती आमच्या बाजूने हळूच पुढे गेली. इतकी वर्षं काका ज्यासाठी भांडत होते, अगदी तसं.

काका सायकलवरून उतरले.

"बघितलं, ताई?" त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "अंतर सोडून गेला."

मी सांत्वनाला तोंड उघडणार, तेवढ्यात पुढे गाडी थांबली. आणि भर रस्त्यात, सगळे नियम धाब्यावर बसवून, उलटी आमच्याकडे येऊ लागली. काच खाली झाली. आत पांढऱ्या शर्टातला, कपाळावर आठ्या असलेला जाडजूड माणूस. त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. माझ्या अंदाजाने काकाही.

"ओ म्हातारबा, मधून मधून काय चालता? मरायचंय का?"

काकांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. त्यांनी हेल्मेटचा पट्टा नीट केला.

"महोदय, आधी हे सांगा. गाडीत किती जण?"

मागच्या रिकाम्या सीटांकडे निकमांनी उगाच एकदा वळून बघितलं.

"एकटाच हाय," ते म्हणाले. "मालकीण पोराकडं पुण्याला ऱ्हाती, नातू झाल्यापासून. रोज एकटाच जातो, एकटाच येतो. कुठं सांगायचं ते ग्रुपवर?" मग जरा घुश्शातच म्हणाले, "बसा. म्हंजी दोन होतील. बाग दाखवतो."

काका कधीच कुणाच्या गाडीत बसत नाहीत. रिक्षासुद्धा नाही. सोसायटीच्या सहलीला आम्ही बसने गेलो तेव्हा ते घरी राहिले होते. त्यांच्या सायकलला कुणी हात लावलेलाही त्यांना चालत नाही.

"ताई," ते म्हणाले, "जरा धरता का?"

हेल्मेट न काढताच ते पुढच्या सीटवर बसले. दार नीट लागलं नाही म्हणून निकम खेकसले, त्यावर काका काहीतरी म्हणाले, आणि काच वर होण्याआधीच दोघांचे आवाज चढले होते. गाडी निघाली. मी रस्त्याच्या कडेला दोन सायकली धरून उभी राहिले. पुढे ढकांबे गावाच्या अलीकडे बागेच्या कच्च्या रस्त्याला गाडी वळायला आली, तिचा इंडिकेटर लागला, आणि डाव्या खिडकीतून काकांचा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर आला.

मागे कुणीच नव्हतं, मी सोडून.