गोविंदकाकांची परकम्मा

गोविंदकाका रोज संध्याकाळी नदीवरून उलटे चालत घरी यायचे. तोंड खाडीकडे, पावलं पनवेलकडे. नवखा माणूस दचकायचा. आम्ही शेजारी नुसते बाजूला व्हायचो.

काका बैलगाडीची चाकं करत. त्यांना नर्मदेची परिक्रमा करायची होती, आणि अंगाला सवय हवी म्हणून त्यांनी ती आधी आमच्या गाढी नदीवर सुरू केली. परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला हवी. खाडीकडे जाताना ती असायचीच. पण वळून परत निघालं की डावीकडे यायची. "मग वळायचंच नाय," काका म्हणाले. दोनदा ते चिखलात बसले, एकदा म्हशीवर आदळले. तिलाही "नर्मदे हर" म्हणून पुढे, म्हणजे मागे, निघाले.

दुसरा नियम जास्त कडक होता. तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवस नदी ओलांडायची नाही. नेमकी त्यांची एकुलती एक लेक, कुसुम, पलीकडच्या गावात दिलेली. काकू गेल्यावर त्यांचं म्हणावं असं तेवढंच माणूस. उन्हाळ्यात गाढीला गुडघाभर पाणी, पण काकांनी त्यात पाऊल घातलं नाही. दर गुरुवारी कुसुम पलीकडच्या काठावर धुणं घेऊन यायची आणि बापलेक ओरडून बोलायचे. तिच्या घरी कसलं कालवण झालं हे आमच्या अख्ख्या आळीला कळायचं.

मी एकदा म्हटलं, "काका, जा की पलीकडे. कोण बघतंय?"

"नदी बघते ना," ते म्हणाले.

दीड वर्ष असं गेलं. मग एका गुरुवारी कुसुम आली नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. पलीकडून तिची शेजारीण ओरडली, "कुसुम हिवतापानं पडलीय. नवरा मुंबईला गिरणीत, घरात कुनी नाय." मी धोतर खोचेपर्यंत काका पाण्यात होते, वहाणांसकट.

पंधरा दिवस झाले तरी ते परतेनात, म्हणून मी पलीकडे गेलो. कुसुम उठून चुलीपाशी बसली होती. काका अंगणात, कुणाचा तरी वाकस मागून आणून बाभळीचं लाकूड तासत होते.

"परकम्मा मोडली," ते म्हणाले. "मोडली की जिथं असू तिथनं नव्यानं संकल्प करायचा. मी हितनंच केला. आता तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस पनवेलला येता येनार नाय. माझी हत्यारं तेवढी आनून दे."

लेकीच्या घरी बापानं राहू नये, हा काकांचाच जुना हट्ट. कुसुमच्या लग्नाला सात वर्षं झाली, पण तिच्याकडे ते पाणीसुद्धा प्यायले नव्हते. मी तेच बोलून दाखवलं.

"ठाऊक हाय," काका म्हणाले. "पन नदीचा नियम मोडता येतो का? माझ्या हातात काय नाय."

मला हसू आलं. कुसुमनं चहा आणला. काकांनी माझ्याकडे न बघता कप दोन्ही हातांनी घेतला, आणि संपल्यावर आणखी अर्धा मागितला.