ताटाचा फोटो

दिलीप सबनिसांच्या जेवणाच्या टेबलावर अकरा प्रकारच्या गोळ्या होत्या, इन्सुलिनची दोन पेनं, रक्तदाब मोजायचं एक यंत्र, साखर मोजायचं दुसरं आणि हॉस्पिटलने दिलेला एक फोन. डॉक्टर चार: साखरेचे, हृदयाचे, किडनीचे आणि गुडघ्यांचे. चौघेही आपापल्या अवयवाशी अत्यंत प्रामाणिक होते. हृदयवाल्यांनी अंगातलं पाणी काढायची गोळी वाढवली की किडनीवाल्या बाई धास्तावायच्या, आणि गुडघेवाल्यांनी दुखण्यावर काही दिलं की उरलेले तिघेही.

इतकी वर्षं या चौघांचा मेळ त्यांच्या पत्नी नीताबाई घालत असत. बाकीच्या तिघांनी काय दिलंय ते त्या चौथ्याला तोंडपाठ म्हणून दाखवत आणि समाधान झाल्याशिवाय खुर्चीतून उठत नसत. फेब्रुवारीत त्या गेल्या. त्यांच्या जागी कॉम्प्युटर मॉडेल आलं.

ते बनवणाऱ्या टीममध्ये त्यांची मुलगी क्षिप्राच होती. बाबा सिंगापूरमध्ये बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये एकटे, ती सेरंगूनला, ऑफिस हार्बरफ्रंटला. रुग्णाने रोजची मोजमापं आणि प्रत्येक जेवणाचा फोटो पाठवायचा; मॉडेल सगळ्या आजारांचा एकत्र विचार करून डोस सुचवायचं आणि डॉक्टर होकार द्यायचे. आधी ते श्रीखंडाला मेयोनीज समजायचं. क्षिप्राने मराठी पदार्थांचे शेकडो फोटो दाखवून त्याला शहाणं केलं आणि मग बाबांचं नाव त्यात घातलं. तिला एवढंच हवं होतं की आई गेली, आता बाबा तरी राहावेत.

पहिल्याच आठवड्यात फोटोत पुऱ्या आल्या. मग श्रीखंड, बटाट्याची भाजी, लोणचं, पापड. मॉडेलने सगळं अचूक ओळखलं. पुऱ्या पाहून जेवणाआधीचं इन्सुलिन वाढवलं, आणि लोणच्या-पापडातलं मीठ मोजून पाण्याची गोळी.

हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला. "अंकल, पुरी अगेन आह? कट डाउन अ बिट लाह."

"येस, सिस्टर. व्हेरी लिटल," दिलीपराव म्हणाले.

मग क्षिप्राचा आला. "बाबा, काल भरली वांगी, आज श्रीखंड. लग्नघरी राहायला गेलाय का?"

"अगं, थोडंसंच."

"थोडंसं? मॉडेल अकराशे कॅलरी सांगतंय."

"मॉडेल होतं का पंगतीला?"

क्षिप्रा हसली. वजन उतरत होतं, म्हणजे पाण्याची गोळी लागू पडत होती. उपाशीपोटीची साखरही खाली येत होती. बॉसने तर मीटिंगमध्ये बाबांचा आलेख नाव झाकून पडद्यावर लावला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शनिवारी दुपारी दिलीपरावांचा फोन आला. "क्षिप्रा, जरा घाम आलाय. कामात असशील तर राहू दे."

ती टॅक्सीने पोहोचली तेव्हा ते टेबलाला धरून बसले होते. साखर तीन पूर्णांक एक. इथल्या मापात चारच्या खाली धोका. ज्यूससाठी तिने फ्रिज उघडला तर ज्यूसच्या आधी डबेच अंगावर आले. आधी तिने बाबांना ज्यूस पाजला. घाम थांबला, आकडा पाचावर गेला, मग तिने डबे उघडले. पुऱ्या. श्रीखंड. भरली वांगी. कशालाही हात लागलेला नव्हता.

"बाबा, हे काय आहे?"

"ताटं."

"कुणाची?"

दिलीपरावांनी हॉलमधल्या नीताबाईंच्या फोटोकडे पाहिलं. "तिची. तिला आवडायचं ते करतो, वाढतो. यूट्यूबवर सगळं मिळतं."

"मग त्याचा फोटो का पाठवला?"

"तुमच्या त्या नर्सनेच सांगितलं ना, जेवणाचा फोटो काढा म्हणून. माझं काय, चहात ब्रेड बुडवला की झालं. त्याचा कसला फोटो काढायचा? त्या नर्सला वाटेल, बायको गेली आणि हा माणूस ब्रेडवर आला."

"तेच जेवायचं होतं मग."

"तिच्या ताटातलं?"

"नाहीतर टाकायचं तरी."

"कुठे? कावळ्यांना घातलं तर इथे दंड होतो. आणि तिचं ताट कचऱ्याच्या चूटमध्ये लोटू?"

क्षिप्रा खुर्चीत बसली. "आणि इन्सुलिन?"

"फोन सांगेल तेवढं," दिलीपराव जरा ताठ होऊन म्हणाले. "एकदाही चुकवलं नाही."

तिने नर्सला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पुऱ्या होत्या, पण बाबांनी खाल्ल्या नव्हत्या.

"देन हू ईट?" नर्सने विचारलं.

"नोबडी."

मग नर्स हळूच म्हणाली, "ओके. आय टेल डॉक्टर नाऊ." तासाभरात डोस जुन्यावर आले आणि संध्याकाळी दर तासाला साखर पाहायची सूचना आली.

क्षिप्राने लॅपटॉप उघडून मॉडेलची रचना पाहिली. ताटात किती वाढलं यासाठी जागा होती. ताटात किती उरलं यासाठी नव्हती. ती कुणालाच सुचली नव्हती, तिलाही नाही.

तिने कुकर लावला. वरणभात, तूप, लिंबाची फोड. तीन ताटं वाढली: एक फोटोपुढे ठेवलं, एक स्वतःला घेतलं, आणि तिसरं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं.

"हे काय," दिलीपराव म्हणाले, "मला पार्सल करतेस?"

"बसा, बाबा. गार होतंय."

ते बसले. लिंबू पिळलं, भात कालवला. फोटोकडे एकदा पाहून पहिला घास घेतला. क्षिप्रा आपल्या ताटात बघत जेवत राहिली, म्हणजे ती आपल्याकडे बघतेय असं त्यांना वाटू नये.

"पुरे का?"

"पुरे."

तिने त्यांचं ताट उचलून पुन्हा काट्यावर ठेवलं.

जेवणाआधी: पाचशे चाळीस ग्रॅम. जेवणानंतर: चारशे ब्याऐंशी. पोटात गेलं: अठ्ठावन्न, जेमतेम चार घास.